शेतातले उंदीर आणि घुशी : गोव्याच्या भातशेतीत आणि कुळागरात सापळे लावून बंदोबस्त कसा करायचा

मेरेवर, म्हणजे शेताच्या कडेच्या छोट्या बांधावर, ताज्या मातीचा ढीग दिसला की बरेच जण आधी मोबाईल काढतात आणि मोल ट्रॅपचे परदेशी व्हिडिओ बघत बसतात. ते बघून कोणी एरंडेल तेल ओततो, कोणी जमिनीत खुपसायची ती थरथरणारी सोलरची काठी ऑनलाईन मागवतो. मंडळी, तो मोल नावाचा प्राणी आपल्या गोव्यातच काय, अख्ख्या दक्षिण भारतात नाही. तो गांडुळं आणि किडे खाणारा, बोगद्यातच जन्म काढणारा, आणि त्याचे सापळे त्याच्या बोगद्याच्या मापाने बनवलेले असतात. आपल्याकडे जमीन पोखरतात ते उंदीर आणि घुशी, त्यांना दाणा, कंद आणि कोवळा कोंब लागतो, त्या रात्री बाहेर फिरतात, म्हणून त्यांच्यासाठी पद्धतच वेगळी लागते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगून टाकतो, कारण बाकी सगळं वाचून हेच विसरलात तर उपयोग नाही. कुठला सापळा घेतला यापेक्षा कधी लावला आणि किती जणांनी एकदम लावला यावर सगळं ठरतं. एकट्याने आपल्या १००० चौरस मीटरात कितीही पकडले तरी आठवड्याभरात शेजारच्या शेतातून नवीन येऊन त्याच बिळात राहतात. पूर्ण वाड्याने (वस्तीने) एकाच आठवड्यात, आणि भात पोटरीत (कणीस पानाच्या आवरणात फुगतं ती अवस्था) यायच्या आधी, हे दोन्ही जुळलं तर साध्या पिंजऱ्यानेसुद्धा फरक दिसतो.

आधी शत्रू ओळखा

आपल्या भातशेतीत जास्त नुकसान करते ती लहान घूस, काळपट राखाडी, आखूड तोंडाची, अंगाने जाड, वजन साधारण पाव किलो. ही मेरेत बीळ करते, तोंडाशी भुसभुशीत मातीचा ढीग टाकते, आत गेली की बऱ्याचदा तोंड मातीने बुजवून घेते. कणसं तोडून आत साठवायची हिची सवय, त्यामुळे खाते त्यापेक्षा नेते जास्त, एकेका बिळातून किलोभर आणि कधी त्याहून जास्त कणसं निघतात. दुसरी मोठी घूस, जी घराच्या मागे, गोठ्याजवळ, गटाराच्या कडेला असते, ती किलोभराची होते आणि कुळागरात (माड-सुपारीच्या बागेत) सुरण, कणगी, रताळी आणि माडाची नवीन रोपं हिचीच शिकार. मग शेतातले छोटे पिटुकले उंदीर, आणि माडाच्या शेंड्यात राहणारा लांब शेपटीचा झाडउंदीर, तो जमिनीवर क्वचितच उतरतो, त्याचं पुढे वेगळं सांगतो.

चिचुंद्रीला मात्र मारू नका. लांब सोंडेसारखं नाक, घाण वास, चीं चीं करत भिंतीच्या कडेने पळणारी. ती किडे, झुरळं, अळ्या खाते, पिकाला हात लावत नाही, पिंजऱ्यात आली तर दार उघडून सोडून द्या.

आता नुकसान कोणी केलं ते बघायला शेतात वाकूनच बघावं लागतं. उंदराने कापलेला भाताचा बुंधा तिरका कापलेला असतो, सुरीने छाटल्यासारखा, जमिनीपासून चार-सहा बोटं वर, आणि बाजूला तोडलेले तुकडे पडलेले असतात. खोडकिड्याने मेलेला कोंब नुसता ओढला तरी हातात येतो आणि खाली कापलेलं काही नसतं, त्याला सापळा लावून काय होणार. खाजनात, म्हणजे बांध घालून भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतात, अजून एक घोटाळा होतो तो खेकड्यांचा, लावणीनंतर कोवळी रोपं खेकडेसुद्धा कापतात आणि बांधात भोकं पण तेच करतात. खेकड्याच्या बिळात डोकावलं तर ओल किंवा पाणी दिसतं, भिंती गुळगुळीत, तोंडाशी ओल्या चिखलाच्या गोळ्या. घुशीच्या बिळाचं तोंड मोठं, मुठीएवढं, माती कोरडी आणि दाणेदार, आणि तिथून गवतातून एक दबलेली वाट निघालेली दिसते. ती वाट बोटाने चाचपून बघा, रोज वापरातली असेल तर तिथलं गवत आडवं होऊन तळ अगदी साफ झालेला असतो, लेंड्या पण सापडतात. सापळा लावायची जागा तीच.

अजून एक खूण, बांधावर उभं राहून बघितलं तर कडेचं एक-दोन मीटर भात छान उभं दिसतं आणि आत मधोमध टक्कल पडलेलं असतं. उंदीर उघड्यावर खायला घाबरतो म्हणून आत जाऊन खातो. त्यामुळे मेरेवरून बघून पीक बरं आहे असं समजू नका, आत शिरून बघा.

वेळापत्रक आपल्या पावसाप्रमाणे

घुशीला दिवस राहिले की साधारण तीन आठवड्यांत पिल्लं होतात, एका वेळी सहा-आठ किंवा जास्त, आणि भात पोटरीत आलं की पोटभर खायला मिळतं म्हणून तेव्हाच पिल्लावळ सगळ्यात जास्त वाढते. म्हणजे पोटरीच्या आधी एक मादी पकडली तर कापणीच्या वेळच्या सगळ्या पिल्लावळीचा हिशेब तिथेच मिटला. कणसं दिसायला लागल्यावर धावपळ करण्यात काही अर्थ नाही, तोपर्यंत संख्या वाढलेली असते आणि शेतभर दाणा असताना तुमच्या पिंजऱ्यातलं खोबरं कोण खाणार.

आपल्याकडे सरद (पावसाळी) शेतीची पेरणी जूनात होते, ज्योती किंवा जया जातीचं भात असेल तर चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आसपास पोटरी येते. तर पहिली मोहीम मे महिन्यात, मेरा साफ करून बिळं खणायची. दुसरी आणि खरी मोहीम जुलैत. का, तर जुलैच्या पावसात खालची जमीन पाण्याखाली जाते, बिळं भरतात आणि सगळे उंदीर उंच मेरेवर, बांधावर, रस्त्याच्या कडेला गोळा होतात. इतर वेळी एकरभर पसरलेले असतात ते आता एका ओळीत सापडतात. भर पावसात कोणाला शेतावर जायची इच्छा नसते हे खरं, पण दोन पावसांच्या मधल्या उघडिपीत केलेल्या कामाला तोड नाही. चवथीच्या आधी हे संपवा. तिसरी वेळ कापणीनंतर लगेच, वायंगण (पावसाळ्यानंतरचं दुसरं भात) लावणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण आजूबाजूचं सरद कापलं की सगळे उंदीर जिथे हिरवं उभं आहे तिथे येतात आणि वायंगणाचे तुकडे तसेही थोडेच असतात.

वाड्यातल्या लोकांना एकत्र आणायचं काम अवघड, मान्य. पण खाजनात टेनंट असोसिएशन (कुळांची संघटना) असते, कोमुनिदादीच्या (गावाच्या सामाईक मालकीच्या) शेतात पण कुळं ठरलेली असतात, त्यांच्या मीटिंगमध्ये हा विषय काढा, एक आठवडा ठरवा, पिंजरे वर्गणीत घ्या आणि आळीपाळीने वापरा. ज्यांची शेतं पडीक आहेत त्यांच्याकडूनसुद्धा निदान परवानगी घ्या, कारण गोव्यात आज अर्धा त्रास पडीक शेतातल्या गवतातून येतो असं माझं स्पष्ट मत आहे. मालक मुंबईत नाहीतर लंडनला, फोनवर हो म्हणतो, तेवढं पुरतं.

जिवंत बिळं मोजायची पद्धत

हे केल्याशिवाय एकही सापळा लावू नका. संध्याकाळी सगळ्या मेरांवरून फिरा, दिसेल ते प्रत्येक भोक चिखलाने बंद करा आणि पायाने दाबा. ताजे मातीचे ढीग असतील तर ते फावड्याने पसरून सपाट करा, कारण लहान घूस स्वतःच तोंड बुजवून बसते आणि नुसतं उघडं भोक शोधलंत तर तिचं घर हुकणारच. दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. जिथे भोक उघडलंय किंवा नवीन माती वर आलीय तिथे आत कोणीतरी आहे. तिथे एक काठी रोवा, वर प्लास्टिकची रंगीत पट्टी बांधा. बाकीची रिकामी. शंभर भोकांतली बरीचशी जुनी निघतात आणि मग कळतं की काम वाटलं होतं तेवढं मोठं नाहीच.

एका घुशीच्या घराला दोन-तीन किंवा जास्त तोंडं असतात आणि एखादी पळवाट पातळ मातीने झाकलेली असते, त्यामुळे काठ्या मोजून तेवढ्याच घुशी असा हिशेब करू नका.

सापळे : कुठले, कसे, किती

पिंजरा बाजारात मिळतो तो घरातल्या उंदरासाठी, पातळ तारेचा, मोठी घूस त्याचं दार उचकटून जाते. जाड वेल्डमेशचा (वेल्डिंग केलेल्या तारेच्या जाळीचा) घ्या, नाहीतर म्हापसा, डिचोली, फोंडा कुठेही फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घ्या, दार पडल्यावर कडी आपोआप अडकली पाहिजे. आतल्या बाजूला आमिष अडकवायचा हूक हवा, नुसतं तळाला टाकलेलं आमिष जाळीतून बाहेरूनच ओढून नेतात. एकाच वेळी बरेच उंदीर आत जातील असा नरसाळ्यासारख्या वाटेचा वंडर ट्रॅप मिळतो, तो गोठ्याजवळ आणि भात ठेवायच्या खोलीजवळ चांगला चालतो.

दुसरा स्प्रिंगचा आपटणारा सापळा. लाकडी फळीचा लहान असतो तो नको, मोठा घ्या, नाहीतर घूस जखमी होऊन सापळ्यासकट जाते. प्रत्येक सापळा तारेने खुंटीला बांधा, कोल्हा किंवा कुत्रा सापळ्यासकट शिकार ओढून नेतो आणि सापळा गेला तो गेला.

तिसरा म्हणजे पुरलेलं मडकं किंवा मोठा पत्र्याचा डबा, वाटेच्या बरोबर खाली, तोंड जमिनीला समांतर, निम्मं पाणी, वर थोडं गवत आणि मधे आमिष. लहान उंदरांना पुरतो, घुशीला नाही. पावसात तो भरून वाहतो म्हणून कोरड्या दिवसांतच वापरा, आणि रोज बघायलाच हवा, बेडूक पण पडतात.

तारेचे फास मात्र लावू नका. काही जण अजून लावतात. त्यात मुंगूस, उदमांजर, साळिंदर अडकतं, हे वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत आणि वनखात्याची केस होते ती वेगळीच, पण केस झाली नाही तरी रात्रभर तारेत तडफडणाऱ्या मुक्या जिवाचे ते हाल कोणी करू नयेत. आणि शेताला करंट सोडायचा विचारसुद्धा नको. ओल्या मेरेवरून अंधारात चालणारा तुमचा शेजारी, तुमचाच मुलगा, गाय, कोणीही जाऊ शकतं.

संख्या : १००० चौरस मीटरला ८ ते १० सापळे, आणि ते सगळ्या शेतात सारखे पसरायचे नाहीत. काठ्या रोवल्यात तिथे गोळा करून लावा. स्प्रिंगचा सापळा वाटेला आडवा काटकोनात, आमिषाची बाजू वाटेकडे. पिंजरा वाटेच्याच दिशेने, तोंड बिळाकडे, तळाला थोडी माती पसरून, पायाला तार लागली की घूस मागे फिरते. वरून झावळ्याचा तुकडा टाका, आडोसा दिसला की जाते आणि पाऊस पण लागत नाही.

आमिष म्हणजे ज्याचा वास लांब जातो आणि त्या शेतात सहज मिळत नाही ते. भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा एक नंबर. सुका बांगडा किंवा सुकी सुंगटं (कोळंबी), खाजनाजवळ खेकड्याचा तुकडा, कुळागरात रताळं. भज्याचा तुकडा पण चालतो. तांदूळ, भात नको, ते तर तिथे आहेच.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे घाई करतात ती गोष्ट. उंदराला नवीन वस्तूची भीती असते, वाटेत अचानक पिंजरा आला की दोन-तीन रात्री लांबून जातो. म्हणून पहिले दोन-तीन दिवस सापळे न चढवता, पिंजऱ्याचं दार तारेने बांधून उघडं ठेवून, आत रोज ताजं आमिष ठेवा आणि खाऊ द्या. आमिष सकाळी गायब दिसायला लागलं की मग एका संध्याकाळी सगळे एकदम चढवा. पहिल्या दोन रात्रींत सगळ्यात जास्त पडतात. तीन-चार रात्रींनी मिळायचे बंद झाले की तिथून उचला आणि दुसरीकडे न्या, तिथेच महिनाभर गंजत ठेवू नका. सापळे धुताना नुसतं गरम पाणी, साबण किंवा फिनाईल नको, वासाने जवळ येत नाहीत.

सकाळी ऊन चढायच्या आत सापळे बघायलाच हवेत. पिंजऱ्यातला उंदीर जिवंत असतो, त्याला दुसऱ्याच्या शेतात किंवा नदीपलीकडे सोडून येणं हा उपाय नाही, तुमचा त्रास त्याला दिला एवढंच. उन्हात तडफडत ठेवणं पण नको. पिंजऱ्याचं तोंड जाड गोणीला लावा, आत ढकला, गोणीचं तोंड पिळून एकाच जोराच्या फटक्यात संपवा. हातमोजे घातल्याशिवाय मेलेल्याला हात लावू नका, दोन फूट खोल पुरा, विहिरीपासून आणि ओहोळापासून लांब.

खणणं आणि धूर

मे महिन्यात आणि कापणीनंतर खणून काढण्यासारखं दुसरं काही नाही, मेहनत आहे पण पैसा लागत नाही. आधी घराची सगळी तोंडं शोधा, एक सोडून बाकीची दगडमातीने घट्ट बंद करा, मग उरलेल्या तोंडापासून खणत जा, बोगदा बऱ्याचदा मेरेच्या लांबीने जातो आणि दोन-तीन फूट खोलीपर्यंत पिल्लांची आणि धान्याची खोली सापडते. दोघे जण काठ्या घेऊन उभे राहा, गावठी कुत्रा असेल तर उत्तम. बिळात हात घालायचा नाही म्हणजे नाही. नाग, घोणस उंदरांमागे तिथेच येऊन राहतात. कोणाला चावलाच तर बांधाबांधी, कापाकापी, मांत्रिक काही नको, १०८ लावा आणि सरळ जवळच्या सरकारी इस्पितळात नाहीतर गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात), सर्पदंशाचं औषध तिथेच मिळतं.

जिथे खणून चालत नाही, म्हणजे खाजनाचा बाहेरचा बांध, तिथे धूर. जुन्या मडक्याच्या तळाला बोटभर भोक पाडा, आत अर्धवट ओला पेंढा पेटवा, मडक्याचं तोंड बिळाला लावून कडा चिखलाने लिंपा आणि तळाच्या भोकातून फुंकणीने किंवा भात्याने हवा द्या. दोन-तीन मिनिटांत दुसऱ्या तोंडांतून धूर निघतो, ती ती तोंडं लगेच बंद करायची आणि अजून थोडा वेळ फुंकायचं. आंध्रात भातपट्ट्यात ह्याचंच हाताने फिरवायचं यंत्र वापरतात. मिरच्या घालू नका, फुंकणाऱ्याचाच जीव जातो खोकून. आणि फेब्रुवारी ते मे काजूच्या डोंगराला लागून असलेल्या शेतात धुराच्या भानगडीत पडू नका, २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात वणवे पेटलेले आठवतात ना.

मेर, बांध आणि खाजन

मेर जेवढी रुंद आणि उंच तेवढी घुशीला घर करायला सोयीची. आतल्या मेरा फूटभर रुंदीच्या, फूटभर उंचीच्या ठेवल्या आणि दर लावणीला चिखलाने लिंपल्या तर बीळ टिकत नाही. गवत कापा, पेंढ्याच्या गंज्या मेरेला चिकटून रचू नका, कापणी यंत्राने सांडलेली कणसं गोळा करा किंवा बदकं-कोंबड्या सोडा.

खाजनाचा बाहेरचा बांध वेगळा. तो बारीक करायचा नाही, उलट तिथे एक बीळ म्हणजे भरतीला खारं पाणी आत यायची वाट, आणि एकदा मोठ्या भरतीने बांध फुटला की खारटपणा पुढच्या हंगामातसुद्धा जात नाही. चोडण, दिवाडी, साष्टीतल्या खाजनवाल्यांना हे मी सांगायची गरज नाही. म्हणून बांधावर पंधरवड्यातून एकदा, अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या आधी फेरी ठेवा. बीळ दिसलं की नुसतं तोंड बुजवू नका, आतून पोकळ राहतं. ओहोटीला शेताच्या बाजूने खणून पोकळी मोकळी करा, चिकण चिखल थराथराने भरून ठोका, बाहेरून चिऱ्याचे तुकडे बसवा. मानशीच्या (बांधातल्या पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराच्या) दोन्ही बाजूंना जास्त बारकाईने बघा, लाकूड आणि माती मिळते तिथे पोखरणं सोपं असतं.

घुबड, धामण, मुंगूस

धामण दिसली की अजूनही काठी उचलली जाते, ते थांबवा. ती बिनविषारी, बिळात शिरून पिल्लं खाणारी, आपण जिथे पोचू शकत नाही तिथे पोचणारी, आणि कायद्यानेही संरक्षित. गव्हाणी घुबड पण तसंच, पांढऱ्या बदामी तोंडाचं, जुन्या घराच्या माळ्यावर, चॅपेलच्या घंटाघरात राहतं. त्याला अपशकुनी म्हणून हाकलू नका. शेतात १०-१२ फूट उंच बांबू रोवून वर आडवी काठी बांधा, रात्री तिथे बसून ते शिकार करतं. कणसात दाणा भरायला लागला की त्या काढून घ्या, नाहीतर दिवसा मुनिया आणि पोपट तिथे बसून तुमचंच भात खातात.

विष शेवटी, आणि नियमाने

खाजनात, मानशीजवळ, तळीजवळ आणि जिथे कोळंबी-मासळी धरतात तिथे विष अजिबात नको, असं माझं ठाम म्हणणं. बाकी शेतात सापळ्यांनी आटोक्यात येत नसेल तर विभागीय कृषी कार्यालयात जाऊन सल्ला घ्या आणि मगच.

झिंक फॉस्फाईडची पद्धत अशी. जिवंत बिळं मोजून झाली की एक दिवसाआड दोनदा साधं आमिष, ९८० ग्रॅम तांदळाची कणी आणि २० ग्रॅम खोबरेल, बिळामागे २० ग्रॅम. ते खाल्लं जातंय दिसलं की ९६० ग्रॅम कणी, २० ग्रॅम तेल, २० ग्रॅम झिंक फॉस्फाईड, काठीने ढवळून, कागदाच्या पुडीत १० ग्रॅम, पुडी काठीने बिळात वीतभर आत ढकलायची आणि तोंड बंद. पाणी लागलं की ह्यातून विषारी वायू निघतो, म्हणून ओल्या हवेत, पावसात करू नका, स्वयंपाकघरातली भांडी वापरू नका, उघड्यावर वाऱ्याकडे पाठ करून, हातमोजे आणि मास्क लावून. ह्याला उतारा नाही. दुसऱ्या दिवशी मेलेले गोळा करून पुरा. एकदा आजारी पडून वाचलेला उंदीर परत त्याला तोंड लावत नाही, म्हणून दुसऱ्या खेपेला तेच वापरायचं नाही. दहा-बारा दिवसांनी परत बिळं मोजा आणि जिवंत उरलेल्यांत ब्रोमॅडिओलोनची तयार वडी, ०.००५ टक्क्याची, बिळामागे १५ ग्रॅम. ह्याने चार-पाच दिवसांपासून मरायला लागतात. मेरेवर उघडं कधीच टाकू नका, कुत्री, मोर, गुरं खातात, आणि असा उंदीर खाऊन घुबडसुद्धा मरतं. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या शेतकऱ्याने स्वतः वापरायच्या नाहीत, त्या जाणकारांच्या देखरेखीशिवाय वापरायला परवानगी नाही, कोणी दुकानातून गुपचूप देत असेल तर घेऊ नका.

कोणी चुकून खाल्लं किंवा श्वासात गेलं तर वाट बघू नका, १०८, आणि पाकीट बरोबर न्या. ब्रोमॅडिओलोनवर व्हिटॅमिन के-१ चालतं, पण ते डॉक्टरने द्यायचं.

लेप्टोची काळजी

उंदराचं मूत शेताच्या पाण्यात मिसळतं आणि पायाच्या चिरेतून लेप्टोस्पायरोसिस होतो, पावसाळ्यात हा धोका खरा आहे. गमबूट, हातमोजे, पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका. शेतकामानंतर ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं, असं काही झालं तर अंगावर काढू नका, आरोग्य केंद्रात जाऊन पहिलं वाक्य हेच सांगा की मी भातशेतीत काम करतो आणि उंदीर पकडतो. तेवढ्याने डॉक्टर बरोबर दिशेने तपासतात.

कुळागर आणि माड

माडाखाली अंड्याएवढी ते मुठीएवढी कोवळी फळं पडलेली असतील आणि देठाजवळ गोल भोक असेल तर ते झाडउंदराचं काम, जमिनीवर पिंजरे लावून काहीच होणार नाही. खोडावर जमिनीपासून दोन मीटर उंचीवर ४० सेंटीमीटर रुंद जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्याचा पट्टा गुळगुळीत गुंडाळा, पाय घसरतो आणि चढता येत नाही. पण शेजारच्या माडाची, सुपारीची किंवा आंब्याची फांदी झावळ्याला टेकत असेल तर पट्टा फुकट, उंदीर वरच्या वर येतो, आधी त्या छाटा. दाट बागेत जिथे झावळ्या एकमेकांत गुंतल्यात तिथे कासरगोडच्या नारळ संशोधन संस्थेची शिफारस चालते, पाच माडांमागे एका माडाच्या शेंड्यात १० ग्रॅम ब्रोमॅडिओलोनची वडी, १२ दिवसांच्या अंतराने दोनदा. पाडेली (नारळ पाडणारा) चढणारच असतो, त्याच दिवशी शेंडा साफ करून सुकलेल्या पोयी (फुलोऱ्याची आवरणं) आणि उंदराचं घरटं खाली पाडायला सांगा आणि वडी ठेवल्याचं त्याला आणि रेंदेराला (सूर काढणाऱ्याला) नीट सांगा. सूर (माडी) काढायचा माड असेल तर त्यावर वडी नाहीच.

शेकरूने खाल्लेल्या नारळाचं भोक मोठं आणि वेडंवाकडं असतं, तो संरक्षित आहे, त्याच्यावर काही करायचं नाही. माडाच्या नवीन रोपांना मोठ्या घुशीपासून वाचवायला लावतानाच भोवती वेल्डमेशचं नळकांडं, फूटभर जमिनीत आणि दीड फूट वर. सुरण, कणगी लावणाऱ्यांनी वाफ्याला लागून दगडांचे ढीग आणि सोडणांचे (नारळाच्या सालींचे) ढीग ठेवू नयेत, आणि कंद तयार झाल्यावर जमिनीत राहू देऊ नयेत, पान पिवळं पडलं की काढून घ्यावेत. काढल्यावर त्याच संध्याकाळी वाफ्याच्या कडेची सगळी भोकं बंद करून दुसऱ्या सकाळी परत बघा, कुठे माती वर आलीय ते, आणि पिंजरा तिथेच लावा.